चंद्राचे दप्तर

सोमवार, २१ जुलै १९६९ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी आठ वाजून सव्वीस मिनिटांनी नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चांद्रभूमीवर पडले, त्या घटकेस जळगाव अथवा धुळे येथील कोणी मनुष्य मान वर करून आकाशाकडे पाहू लागला असता, तरी त्यास चंद्र दिसला नसता. कारण शुक्ल पक्षातील तो अर्ध्याहून किंचित उणा चंद्र खानदेशच्या क्षितिजावर येण्यास अद्याप सुमारे तीन तासांचा अवकाश होता. दूरचित्रवाणीचा पडदा तर त्या काळी सबंध महाराष्ट्रात कोठेच नव्हता. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच अपोलो-१७ चे प्रवासी चंद्रावरून निघाले व मनुष्याचे तेथील पदभ्रमण संपले. म्हणजे बारा माणसे चंद्रावर चालून आली, त्या साडेतीन वर्षांतील एकही पाऊल तापीच्या खोऱ्यातील लोकांना ते पडत असताना पाहावयास मिळाले नाही. बातमी आली ती आकाशवाणीच्या शब्दांतून आणि वर्तमानपत्रांच्या छायाचित्रांतून. हलते चित्र आले ते मागाहून, चित्रफितीच्या रूपाने.

या उशिरास उणेपणा मानण्याचे कारण नाही. घटना डोळ्यांसमोर घडत असता मनुष्य भारावून जातो व पुरावा तपासावयाचे विसरतो. ती कागदोपत्री हाती आली म्हणजे मात्र कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्यात मागाहून भर कोणी घातली, हे विचारण्याची उसंत मिळते. आणि हे प्रश्न कसे विचारावेत, याचे शिक्षण घेण्यास खानदेशच्या माणसास दूर जावे लागत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड निघाले, आणि पुराव्याच्या प्रतवारीची एक कठोर शिस्त महाराष्ट्रात रूढ झाली. घटनेच्या काळी, घटनेत गुंतलेल्या मनुष्याने, इतिहास लिहिण्याचा हेतू मनात न धरता लिहिलेला अस्सल कागद हा अव्वल पुरावा. घटना घडून गेल्यावर कोणाच्या तरी आज्ञेवरून अथवा संतोषार्थ रचलेली बखर ही कितीही रसाळ असली तरी दुय्यम. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे मुक्कामी वारले, आणि त्यांच्या नावाने त्याच नगरीत उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांच्या संग्रहाचा सांभाळ केला. चांद्रयात्रेवरील माहितीपटांची पारख करावयाची तर धुळ्याच्या या कसोटीइतकी नेटकी कसोटी दुसरी आढळणार नाही. कारण हे बहुतेक चित्रपट नव्याने चित्रित केलेले नसून अमेरिकेच्या सरकारी दप्तरांतील रुमाल सोडून त्यांतील जुन्या फितींपासून रचलेले आहेत.

प्रथम मुद्दल कागद कोणते, ते पाहू. अपोलो-११ च्या चांद्रयानात सोळा मिलिमीटर फितीचा एक लहानसा कॅमेरा बझ ऑल्ड्रिन यांच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या खिडकीशी बसवलेला होता. सामान्य चित्रपटात सेकंदास चोवीस चित्रे घेतली जातात. या कॅमेऱ्याचा वेग चोवीस, बारा, सहा किंवा एक असा बदलता येत असे. यान उतरत असताना तो सहाच्या वेगाने चालला, आणि पुढे दोघे प्रवासी भूमीवर वावरत असताना पुष्कळ वेळ सेकंदास एकच चित्र टिपीत राहिला, कारण फीत थोडी होती आणि प्रसंग मोठा होता. ही युक्ती महाराष्ट्रास अपरिचित नव्हती. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याच्या रोपाची वाढ दीर्घ अंतराने एकेक चित्र घेऊन फितीवर उतरवली होती. आणि त्यांच्याही आधी, १९०१ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उपाख्य सावेदादा यांनी रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचा सोहळा चित्रित करून वार्तापटाचा पाया घातला होता. घडते तसे टिपणे हा सिनेमाचा मूळ धर्म आपल्याकडे कथाचित्रांहून जुना आहे, हे या निमित्ताने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा कागद म्हणजे थेट प्रक्षेपणाचा. चंद्रावरून पृथ्वीस चित्र पाठविण्यासाठी जी शक्ती उपलब्ध होती ती तुटपुंजी असल्यामुळे तेथील कॅमेरा सेकंदास दहाच चित्रे, तीही तीनशे वीस ओळींची, पाठवीत असे. घरोघरचे दूरचित्रवाणी संच ही चित्रे जशीच्या तशी दाखवू शकत नव्हते. म्हणून ऑस्ट्रेलियातील व कॅलिफोर्नियातील ग्रहणकेंद्रांवर ती एका चांगल्या पडद्यावर उमटवीत, त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा धरीत, आणि ही नक्कल जगभर सोडीत. लोकांनी जे भुताटकीसारखे अंधुक चित्र पाहिले ते अशा रीतीने अस्सल नसून नकलेचे होते. तिसरा कागद स्थिरचित्रांचा. त्यांतील एक विसंगती प्रसिद्ध आहे: पहिला चांद्रवीर आर्मस्ट्राँग, परंतु चंद्रावरची गाजलेली छायाचित्रे ऑल्ड्रिन यांची. कारण साधे आहे. बहुतेक वेळ कॅमेरा आर्मस्ट्राँग यांच्यापाशी होता.

हे कागद वाचावयास थोडी तयारी लागते. चांद्रचित्रात आकाश दिवसाही काळे असते, कारण प्रकाश विखुरण्यास तेथे हवा नाही. आणि त्या काळ्या आकाशात तारे दिसत नाहीत, कारण उन्हाने झगझगणाऱ्या भूमीच्या बेताने कॅमेऱ्याचे छिद्र व वेळ ठरविलेली असल्यामुळे ताऱ्यांचा क्षीण प्रकाश फितीवर उमटतच नाही. झेंडा फडकल्यासारखा दिसतो, कारण तो पसरलेला राहावा म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली आहे, आणि काठी रोवताना बसलेला हेलकावा थांबवावयास हवेचा अटकाव नाही. परंतु चंद्राच्या निर्वाततेची सर्वांत बोलकी साक्ष एप्रिल १९७२ मधील अपोलो-१६ च्या एका लहानशा फितीत आहे. जॉन यंग यांनी चांद्रगाडी भरधाव पिटाळली आणि चार्ल्स ड्यूक यांनी तिचे चित्र घेतले. चैत्र-वैशाखात चोपडा-शिरपूरकडच्या कच्च्या रस्त्याने एखादी मोटार गेली म्हणजे तिच्या मागे उठलेला फुफाटा, मोटार दिसेनाशी झाली तरी, बांधावरच्या बाभळींवर रेंगाळत राहतो. चांद्रगाडीच्या चाकांमागून उडालेली धूळ मात्र क्षणभरही रेंगाळत नाही. ती स्वच्छ कमानीने वर जाते आणि तशीच कमान पुरी करून खाली पडते. धुळीस तरंगत ठेवणारी हवा नसेल तरच हे घडेल. आणि एवढे विस्तीर्ण निर्वात पटांगण निर्माण करणे पृथ्वीवरील कोणत्याही चित्रशाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ज्या भूमीवरून ती धूळ उडते तिच्याशीही खानदेशचे दूरचे नाते आहे. चंद्रावर आपल्याला जे काळसर डाग दिसतात ती बेसॉल्टची मैदाने होत, आणि सातमाळ्याच्या रांगेपासून तापीकाठापर्यंत जो काळा पाषाण आपल्या पायांखाली आहे तोही बेसॉल्टच. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अपोलो-११ ने आणलेला साडेतीनशे कोटी वर्षांहूनही पुराणा. आपल्या दगडाचे पाण्याने व हवेने विघटन होऊन कापसाची काळी जमीन झाली. तेथे पाणी नाही, हवा नाही, म्हणून उल्कांच्या माराने केवळ भुगा झाला, आणि त्या भुग्याचे कण झिजून गोल न झाल्यामुळे एकमेकांत अडकून बुटाचा ठसा जसाच्या तसा धरून ठेवतात. सहा मोहिमांनी मिळून अशी ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली.

आता या कागदांपासून चित्रपट कसे रचले गेले, ते पाहू. अव्वल प्रतीत घालावा असा चित्रपट म्हणजे टॉड डग्लस मिलर यांचा २०१९ सालचा ‘अपोलो ११’. त्याच्या मुळाशी एक फसलेला बेत आहे. चांद्रमोहिमेवर भव्य पडद्याचा चित्रपट काढण्याचे हॉलिवुडच्या एम.जी.एम. या संस्थेने योजिले होते, पण उड्डाणास थोडेच आठवडे उरले असता तिने अंग काढून घेतले. तेव्हा नासाने ते काम फ्रान्सिस थॉम्प्सन यांच्या संस्थेकडे सोपविले, आणि थिओ कामेके यांनी ‘मूनवॉक वन’ हा चित्रपट तयार केला. तो फारसा चालला नाही. परंतु त्यासाठी रुंद फितीवर घेतलेली चित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिली. पन्नासाव्या वाढदिवसाच्या तयारीत मिलर यांनी चौकशी केली, तेव्हा ती रिळे पुन्हा उजेडात आली. सोबत ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातील संभाषणाच्या हजारो तासांच्या ध्वनिफितीही होत्या. या सामग्रीतून मिलर यांनी त्र्याण्णव मिनिटांचा पट बांधला, आणि त्यात निवेदक ठेवला नाही, मुलाखती ठेवल्या नाहीत, वृद्धांच्या आठवणी ठेवल्या नाहीत. तत्कालीन ध्वनी तत्कालीन चित्रास जोडावा व कागद तारीखवार लावावेत, एवढेच संपादकाचे काम मानले. यान उतरण्याचा प्रसंग ते त्या खिडकीतल्या कॅमेऱ्याच्या फितीवरून जवळजवळ सलग दाखवितात. गणकयंत्र मध्येच इशारे देते, उतरण्याच्या जागी खडकांचा खच दिसतो, इंधन संपत चालल्याचे पुकारले जाते, आणि शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाचाही श्वास रोखला जातो. ‘साधने’च्या एखाद्या खंडात पानिपतपूर्वीची पत्रे ओळीने वाचताना जी अस्वस्थता येते तीच ही, लिहिणारास पुढे काय होणार हे ठाऊक नाही, आणि वाचणारास आहे.

अल रायनर्ट यांचा १९८९ सालचा ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ हा याच्या अगदी उलट जातीचा. चंद्राकडे गेलेल्या नऊ मोहिमांच्या फितींतून निवडक चित्रे घेऊन रायनर्ट यांनी ती एकाच यात्रेची असावीत अशी गुंफली. उड्डाण एका मोहिमेचे, वाट दुसरीची, उतरणे तिसरीचे. अवकाशात तरंगणारा एक प्रवासी तर अपोलोचाही नव्हे, १९६५ च्या जेमिनी यानाचा आहे. पडद्यावर कोणाचे नाव येत नाही. चोवीस चांद्रयात्रींपैकी कोण बोलत आहे हे कळत नाही. ब्रायन ईनो यांचे संगीत सर्वांवरून संथपणे वाहत राहते. यास बखर म्हणावे लागेल, आणि बखर म्हटल्याने त्याची योग्यता उणी होत नाही. भाऊसाहेबांच्या बखरीत तपशिलाच्या चुका सापडल्या म्हणून तिची भाषा कोणी टाकून दिली नाही. चंद्रावर जाणे अंतःकरणास कसे वाटले असेल हे रायनर्ट यांच्याइतके दुसऱ्या कोणी दाखविलेले नाही. मात्र कोणत्या दिवशी काय घडले हे त्यांच्यापाशी विचारू नये.

तिसरा वर्ग जबान्यांचा. डेव्हिड सिंग्टन यांच्या २००७ सालच्या ‘इन द शॅडो ऑफ द मून’ मध्ये चंद्राकडे जाऊन आलेले दहा जण कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. आर्मस्ट्राँग त्यांत नाहीत. परंतु दोघे सोबती चंद्रावर उतरले असता एकट्याने कक्षेत घिरट्या घालीत राहिलेले मायकेल कॉलिन्स त्यांत आहेत, आणि त्यांची प्रसन्न, मिस्किल साक्ष ऐकण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. मार्क क्रेग यांचा ‘द लास्ट मॅन ऑन द मून’ हा २०१४ चा पट एकाच साक्षीदाराचा, अपोलो-१७ चे नायक युजीन सर्नन यांचा. उड्डाणांच्या मागे लागलेल्या मनुष्याच्या घरादारास काय किंमत मोजावी लागली, याचा हिशेब त्यात सर्नन स्वतः देतात, आणि हा हिशेब कोणत्याही सरकारी कागदात सापडावयाचा नाही. त्यांचे यान चंद्रावरून परत उडाले त्याचे चित्रही याच मोहिमेचे आहे. चंद्रावर ते टिपावयास कोणी मागे उरले नव्हते. मागे ठेवलेल्या चांद्रगाडीवरचा कॅमेरा पृथ्वीवरून एड फेंडेल हे चालवीत होते. आज्ञा चंद्रापर्यंत पोहोचण्यास सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागे, म्हणून यान हलण्यापूर्वीच, अंदाजाने, कॅमेरा वर वळविण्याची आज्ञा त्यांना सोडावी लागली. आधीच्या दोन मोहिमांत हे साधले नव्हते. या वेळी साधले. जबानी माणसाची असो वा यंत्राची, ती मिळण्यास कोणाची तरी दूरदृष्टी खर्ची पडलेली असते.

चौथा वर्ग बनावट कागदांचा. विल्यम कारेल या दिग्दर्शकाने २००२ साली फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी ‘ओपेरास्याँ ल्यून’ नावाचा एक पट काढला. हेन्री किसिंजर, डोनाल्ड रम्सफेल्ड यांसारखे खरेखुरे मुत्सद्दी त्यात खरेखुरे बोलतात. परंतु त्यांची वाक्ये अन्य संदर्भांतून उचलून अशी जोडली आहेत, की चांद्रावतरणाचे चित्र स्टॅन्ली क्युब्रिक यांनी चित्रशाळेत घेतले, असे वाटावे. शेवटी कारेल स्वतःच ही लबाडी उघड करतात. माहितीपटाच्या गंभीर चेहऱ्यावर प्रेक्षक किती आंधळेपणाने विश्वसतो हेच त्यांना दाखवावयाचे होते. तथापि शेवट कापून उरलेले तुकडे आजही हातोहाती फिरतात. वतनासाठी बनावट सनदा करणारे जुन्या काळी थोडे नव्हते, आणि त्या पकडावयाची रीतही ठरलेली होती: एका कागदावर निवाडा न करता दुसऱ्या, स्वतंत्र हाताच्या कागदाशी तो ताडून पाहावयाचा. चांद्रयात्रेबाबत असे स्वतंत्र कागद आहेत. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन उपग्रहाने सर्व अवतरणस्थळांची छायाचित्रे घेतली. आणि आपल्या चांद्रयान-२ च्या कक्षेतील कॅमेऱ्यानेही आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिन यांच्या यानाचा मागे राहिलेला सांगाडा टिपला. दुसऱ्या देशाच्या दप्तरातील नोंद पहिल्याशी जुळली, म्हणजे इतिहासकाराचे समाधान होते.

एवढे असूनही सर्वांत मोलाचा एक कागद कायमचा गेला आहे. चंद्रावरून आलेले ते दहा चित्रांचे मूळ प्रक्षेपण, नक्कल होण्यापूर्वी, ग्रहणकेंद्रांवर चुंबकीय फितींवर नोंदलेले होते. पुढे नासाने त्यांचा शोध घेतला, आणि २००९ साली असा निष्कर्ष जाहीर केला की नव्या उपग्रहांच्या नोंदींसाठी फितींची टंचाई पडली असता त्या पुसून पुन्हा वापरण्यात आल्या असाव्यात. ज्या घटनेसाठी राष्ट्राने अपरंपार द्रव्य ओतले, तिचा अस्सल कागद फितीच्या काटकसरीपायी नष्ट झाला. वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांस वाळवी लागू देणारे आणि वाण्याच्या दुकानी ते पुड्या बांधण्यास धाडणारे आपले पूर्वज याहून अधिक दोषी होते, असे म्हणवत नाही. त्यांना निदान त्या कागदांत काय लिहिले आहे हे ठाऊक नव्हते.

या पार्श्वभूमीवर २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवावी. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात उतरला, आणि या वेळी जळगाव-धुळ्याच्या शाळांपासून पानटपऱ्यांपर्यंत कोणासही मागाहून येणाऱ्या फितीची वाट पाहावी लागली नाही. परंतु त्या घटकेस पडद्यावर जे यान उतरताना दिसले ते आकड्यांबरहुकूम हलविलेले रेखाटन होते. विक्रमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेली उतरतानाची चित्रफीत इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केली, आणि प्रज्ञान गाडी उताराच्या फळीवरून खाली येतानाची त्यानंतर. टाळ्या रेखाटनास पडल्या. पुरावा चोवीस तासांनी आला, आणि पाहणारांपैकी पुष्कळांनी तोवर विषय सोडला होता. पुढील पिढीतील जो कोणी चांद्रयानावर माहितीपट काढील, त्याने या दोहोंत गल्लत केली तर त्याच्या हातून बखर होईल.

कागद कसा असावा याचा उत्तम नमुना जळगाव जिल्ह्यातच आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला शिलालेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाविषयी आहे. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे व अन्य ग्रंथांचे तेथे अध्ययन व्हावे, असा त्या मठाचा उद्देश. निकुंभ कुळातील सोइदेवाने त्यास जी देणगी दिली ती शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळी; इसवी सनाप्रमाणे ही तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी येते. काळ, प्रसंग, दाता, घेणारा आणि हेतू सर्व काही तेथे कोरलेले आहे, आणि अखेरीस गावातील करांपैकी मठास काय द्यावयाचे याचा तपशील जुन्या मराठीत आहे. लेख कोरणाराने आपल्या भावनांविषयी काही लिहिले नाही. आठशे वर्षांनंतरच्या मनुष्यास पडताळून पाहता येईल एवढे मात्र लिहिले, आणि म्हणूनच त्यातील तिथीचा मेळ गणिताने घालता येतो.

चांद्र माहितीपटांच्या बाबतीत आजच्या खानदेशी वाचकाची स्थिती १९६९ च्या वाचकाहून एका बाबतीत निश्चित सुधारली आहे. अपोलोची स्थिरचित्रे, संभाषणांच्या नोंदी आणि चांद्रयानांनी धाडलेली चित्रे बहुतांशी सर्वांस खुली आहेत. दप्तरदाराची मर्जी संपादण्याची गरज उरलेली नाही. तेव्हा शाळा-महाविद्यालयांनी हे चित्रपट दाखवावेत, पण एकटे दाखवू नयेत. आधी ‘अपोलो ११’ दाखवावा, मग ‘फॉर ऑल मॅनकाइंड’, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांस मूळ छायाचित्रांची यादी देऊन, दुसऱ्या चित्रपटातील कोणता तुकडा कोणत्या मोहिमेचा, हे शोधावयास लावावे. दोन तासांच्या अशा झटापटीत मुलास चंद्राविषयी जे कळेल ते तर कळेलच. परंतु डोळ्यांसमोर हलणारे प्रत्येक चित्र कोणीतरी, काही हेतूने, कोठून तरी आणून तेथे ठेवलेले असते, ही जाण त्यास येईल, आणि रोज हाती पडणाऱ्या शेकडो चित्रफितींच्या या काळात तिचा उपयोग चंद्रापेक्षा पृथ्वीवरच अधिक आहे.